आधी मोठं, मग बारीक

टाचणीच्या बाबांच्या दुकानात मापांचं एक जाड पुस्तक आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. घरच्या माणसांनाही एकेक पान. टाचणीचं पान अगदी सुरुवातीला आहे, कारण पुस्तक सुरू झालं तेव्हा ती तीन वर्षांची होती. उंची, छाती, खांदा, बाही. दर वर्षी एक ओळ. गेल्या तीन वर्षांत त्या पानावर एक रकाना वाढला. बाहीच्या पुढे परीक्षा.

तिच्या बाबांना मी काका म्हणते. काका माप घेतात आणि मोठ्यानं आकडा सांगतात. काकू, म्हणजे तिची आई, लिहितात. काकांचं माप आजवर चुकलेलं नाही, असं काका सांगतात. एकदा चुकलं होतं. एका कोटाची बाही अर्धा इंच आखूड झाली होती. टाचणीच्या दादानं ते गिऱ्हाइकासमोर दाखवलं. काका त्याच्याशी अकरा महिने बोलले नाहीत. बाराव्या महिन्यात दादा दुसऱ्या गावी कारखान्यात लागला. त्याचा फोन आला की काकू दुकानाच्या मागच्या दाराबाहेर जाऊन बोलतात.

टाचणी हे नाव काकांनीच ठेवलं. लहानपणी ती कटिंगच्या टेबलाखाली बसून सांडलेल्या टाचण्या वेचायची. एकही सुटायची नाही. आठव्या वर्षी हातानं काज करायला लागली. एकदा एक डॉक्टर पांढऱ्या कोटाची ट्रायल घ्यायला आले होते. तिचे टाके बघून म्हणाले, "हिनं माणसं शिवायला हवीत." ते थट्टेनं म्हणाले आणि कोट घेऊन गेले. तिनं ते धरून ठेवलं.

आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसलो. मी साहित्य घेतलं आणि पदवी घेऊन मोकळी झाले. ती तोवर दोनदा वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसून झाली होती. ही तिसरी खेप. काकांनी बजावलं होतं, "तीनदा उसवलं की कापडाला भोकं पडतात. यंदा नाही जमलं तर मशीनवर बस."

एकशेऐंशी प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. सोडून दिलं तर काही नाही. साडेपाचशेच्या आत प्रवेशाची आशा धरू नये असं क्लासवाले सांगायचे. सराव परीक्षांत तिला पाचशे बारा, मग पाचशे चाळीस, मग पाचशे एकसष्ट मिळाले. खऱ्या परीक्षेला अकरा दिवस उरले असताना पुढचा निकाल आला.

क्लास निकाल पालकांच्या फोनवर पाठवतो. आम्ही दोघी दुकानात शिरलो तेव्हा काकांचा फोन टेबलावर वाजला. आरशासमोर वकीलबाई उभ्या होत्या. अंगात कच्च्या टाक्यांचा काळा कोट, एक बाही लावलेली, एक नाही. काकांच्या चष्म्यावर खडूची भुकटी बसली होती.

"बाई, जरा वाचा हो. क्लासचं असणार. पोरीचे मार्क."

वकीलबाईंनी फोन लांब धरला. "तीनशे वीस. सातशे वीसपैकी. चांगले आहेत ना?"

काकांनी तोंडातली टाचणी काढली. "परत वाचा."

"तीन. दोन. शून्य."

"मागच्या वेळी पाचशे एकसष्ट होते."

"अगं बाई! पाय घसरला म्हणायचा."

"पाय नाही," काका म्हणाले. "पाय जागेवर आहेत. डोकं घसरलंय."

टाचणी माझ्या शेजारी उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली. "बाबा, ही ट्रायल होती. ट्रायलला बिघडलं तर उसवून नीट करता येतं. तुम्हीच म्हणता."

"ट्रायलला शिलाई बिघडते. कापडच कमी असेल तर शिंप्यानं काय करायचं?"

वकीलबाई हसल्या. मग एकदम आरशात बघून कॉलर नीट करू लागल्या.

काका माझ्याकडे वळले. "तूही हसून घे. गोष्टी वाचून का होईना, पास झालीस."

त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"डॉक्टरीणबाई, हात पसरा."

तिनं हात पसरले.

"छाती बत्तीस," काकांनी सांगितलं. काकूंनी पुस्तक उघडलं. "कंबर सव्वीस. खांदा चौदा. लांबी छत्तीस. परीक्षा तीनशे वीस."

काकूंनी सगळं लिहिलं. मान वर केली नाही.

"कशाचं हो माप?" वकीलबाईंनी विचारलं.

"कामाच्या एप्रनचं. डॉक्टरांचा पांढरा असतो. आमचा निळा."

मागच्या खोलीत अस्तराच्या गठ्ठ्यांमध्ये तिचं अभ्यासाचं टेबल आहे. तिथं गेल्यावर ती रडेल असं मला वाटलं. तिनं प्रश्नपत्रिका जमिनीवर पसरली आणि शिंपीखडूचे तीन तुकडे घेतले. येत नव्हते त्या प्रश्नांवर पांढरी रेघ. येत असून चुकले त्यांवर निळी. पिवळी कशासाठी, ते मला कळेना. पिवळ्या रेघा वाढतच गेल्या.

"हे काय?"

"हे मी वाचलेच नाहीत."

बावन्न प्रश्न. सगळे जीवशास्त्राचे. ते तिला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. शेवटच्या पाच मिनिटांत तिनं उत्तरपत्रिकेवरचे बावन्न गोल आंधळेपणानं भरले होते. तेरा लागले, एकोणचाळीस गेले. न येणारे बत्तीस. येत असून चुकलेले फक्त नऊ.

"जीवशास्त्र तर तू आधी करतेस."

"या वेळी नाही केलं."

त्या सराव परीक्षेच्या सकाळी काकांनी तिला विचारलं होतं, पेपर सोडवतेस कसा? तिनं सांगितलं. आधी जीवशास्त्र, कारण प्रश्न छोटे आणि पाठ आहेत. मग रसायन. भौतिकाची लांबलचक गणितं शेवटी, नाही जमली तर सोडून द्यायची. काका म्हणाले, उलटं करतेस. कापडावर आधी पाठ मांडायची, मग पुढचे भाग, मग बाह्या. कॉलर, खिसे, पट्ट्या उरलेल्यात बसतात. आधी मोठं, मग बारीक. आणि कापड रिकामं सोडायचं नाही.

तिनं तसंच केलं. भौतिकाच्या गणितांनी दीड तास खाल्ला. खिशांना कापड उरलं नाही.

"मग जा आणि सांग त्यांना," मी म्हणाले. "तुझं डोकं नाही घसरलं. त्यांचं माप चुकलं."

"दादानं सांगितलं होतं."

"मी सांगते."

"तू तर मुळीच नको." तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटांवर सुईचे बारीक ठिपके होते. "या हाताची शपथ घे. परीक्षेपर्यंत नाही, नंतरही नाही. मला या घरात राहायचंय."

मी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी एप्रन तयार होता. काकांनी तो मागच्या खोलीत आणला आणि तिच्या टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवला. मान वर केली की तो दिसायचा. दोन दिवस ती खाली बघून अभ्यास करत होती. तिसऱ्या दिवशी मी गेले तर तो तिच्या अंगात होता. खिशात पेन्सिली.

"वेडी झालीस का?"

"समोर लटकलेला बघण्यापेक्षा अंगात बरा. आणि बसतोय बघ कसा. कुठं चुणी नाही."

तिनं नवीन काही वाचायला घेतलं नाही. निळ्या रेघांचे नऊ प्रश्न रोज सोडवले. पांढऱ्या रेघांचे बत्तीस बघायचं सोडून दिलं. घड्याळ लावून एकच गोष्ट घोटली, आधी बारीक, मग मोठं, उरेल ते रिकामं. दाराची चाहूल लागली की जीवशास्त्राची पानं भौतिकाखाली सरकवायची. काकांनी एकदा डोकावलं. एप्रन बघून म्हणाले, "सवय लावून घेतेस ते बरं." ती हसली. त्या हसण्याचं काय करावं, मला कळलं नाही.

परीक्षेला चार दिवस उरले असताना शेवटचा सराव झाला. या वेळी फोन मी वाचला. पाचशे चौऱ्याहत्तर. मी दोनदा वाचला, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

काका बॉबिन भरत होते. ती भरून होईपर्यंत थांबले. "बोलाफुलाला गाठ पडली," ते म्हणाले. "आंधळ्यानं दगड मारला, एखादा लागतो."

"पाचशे चौऱ्याहत्तर दगड, काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघितलंस?" ते काकूंना म्हणाले. "गोष्टी वाचल्या की असं बोलायला येतं." मग पुस्तकाकडे बोट केलं. "लिही. पेनानं नको, पेन्सिलनं."

काकूंनी पेन ठेवलं आणि पेन्सिल शोधली. टाचणीनं एप्रनच्या खिशातली काढून दिली.

परीक्षेच्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा. इस्त्रीचा शर्ट घातला. तिची पाण्याची बाटली आणि प्रवेशपत्र स्वतः धरलं. मी बरोबर होते.

फाटकाबाहेर रांग होती. आत तपासणी चालली होती. तिचा नंबर जवळ आला तेव्हा काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. तिनंही नसावं, कारण ती दचकली.

"टाचणी," ते म्हणाले. गेले अकरा दिवस ते तिला डॉक्टरीणबाईच म्हणत होते. "मी जरा जास्तच बोललो. मनात ठेवू नकोस. बापाला भीती वाटते, मग तोंड सुटतं."

"बाबा, असू दे."

"ऐक. माझं एवढं एकच ऐक. आधी मोठं, मग बारीक. रिकामं काही सोडू नकोस. त्या सरावाला घाबरलीस म्हणून हात चुकला. आज घाबरायचं नाही. मी इथंच उभा आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मी पुढे झाले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, अगदी थोडी. नाही. मग आत गेली.

काका फाटकासमोर उभे राहिले. पलीकडे झाड होतं, झाडाखाली बाक होता, बाकावर इतरांचे आईबाप होते. मी म्हटलं, बसा थोडं. म्हणाले, "तिला सांगितलंय, उभा आहे म्हणून." तीन तास ते उन्हात उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. ते ढोंग करत नव्हते. मला त्यांचा राग धरायचा होता आणि तो हातातून निसटत होता.

सुटल्यावर ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. काका पाणी आणायला गेले तेवढ्यात मी तिला बाजूला घेतलं.

"आधी काय केलंस?"

ती जमिनीकडे बघत होती.

"बोल ना. जीवशास्त्र आधी केलंस ना?"

"मोठं आधी."

"का? माहीत असून? का?"

"त्यांनी डोक्यावर हात ठेवला गं," ती म्हणाली.

काका बाटली भरून आले. म्हणाले, "कसा गेला?" ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसा." त्यांचा चेहरा उजळला.

निकाल लागला तेव्हा मी दुकानात होते. तीनशे पंचवीस. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाच वाढले," ते म्हणाले.

काकूंनी पेन घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी वरच्या ओळीतला पेन्सिलचा आकडा खोडला. कोणी सांगितलं नव्हतं. रबराचा चुरा हातानं झटकला आणि काजाच्या कामाला बसल्या.

आता टाचणी मशीनवर असते. निळा एप्रन दोनदा धुऊन फिका झालाय. आमच्या रस्त्यावर तिच्यासारखी काजं कोणी करत नाही. वकीलबाई नवा कोट टाकायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टरकीचं काय झालं हो हिच्या?"

"मी स्वतः सोडायला गेलो होतो," काका म्हणाले. "दुकान बंद ठेवून. तीन तास उन्हात उभा होतो. कसं सोडवायचं तेही सांगितलं. आणखी काय करायचं बापानं? कापडच कमी पडलं."

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं मान डोलावली.

मी उठले. शपथ आठवली आणि परत बसले.

गेल्या आठवड्यापासून काका तिला कटिंग शिकवतायत. दादालाही त्यांनी ते शिकवलं नव्हतं. मी गेले तेव्हा टेबलावर राखाडी कापड पसरलं होतं. पन्हा अरुंद होता. एवढ्यात शर्ट बसणार नाही असं मलाही दिसत होतं. तिनं खडू घेतला. आधी पाठ. मग पुढचे भाग. मग बाह्या, उलटसुलट. उरलेल्या कोपऱ्यांत कॉलर, खिसा, मनगटपट्ट्या. सगळं बसलं. कात्री फिरली. खाली मूठभर चिंध्याही पडल्या नाहीत.

कापडावर ते अगदी खरं आहे.

"बघ," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "आता कळलं ना तुला?"

"हो बाबा," ती म्हणाली.