हरभऱ्याची आंब आणि माझी पावडर

शेतकी शाळेतून मी दोन गोष्टी घेऊन गावी आलो. एक पास झाल्याचा कागद, आणि दुसरी, तासगाव तालुक्यात आपल्याइतकं शेतीतलं कुणाला कळत नाही ही खात्री. कागद उंदरांनी खाल्ला. खात्री त्यांनाही पचली नसती.

चुलते वारल्यापासून शेत काकीच बघायची. तिचं हरभऱ्याचं रान मला जत्रेसारखं वाटे. हरभऱ्यात मधूनमधून धणे, चार ओळींआड जवस, कडेनं काटेरी करडई, बांधावर बोर आणि हिवर, त्यांवर कोतवाल पक्षी शेपट्या हलवत बसलेले. शाळेत आमचं पीक कसं, कवायतीला उभं असल्यासारखं! मी काकीला बोलून बोलून भंडावलं. शेवटी ती म्हणाली, "वरलं अर्धं रान तुझं. मनासारखं कर. खालचं माझ्या हातचं ऱ्हाऊ दे."

वरच्या तुकड्यात मी निव्वळ हरभरा पेरला आणि त्याच्या बांधावरची झाडं तोडली. पाखरं पीक खातात असं माझं मत होतं. ती नेमकं काय खातात हे बघायला मात्र मी थांबलो नव्हतो.

घाटे धरले आणि अळी पडली. पडली ती दोन्हीकडं. पण खाली कोतवाल सकाळपासून झेपा घालून अळ्या टिपत, आणि धण्याच्या फुलांवर बारीक गांधीलमाश्या घोंघावत. अळीच्या त्या वैरीच. माझ्याकडं ना बसायला फांदी, ना धण्याचं फूल, मग येतंय कोण? मी दिवसातून दहादा रानात जाई, अळ्या वेची, उठे, घरी येई, परत जाई. जेवताना घास हातात राही आणि डोळ्यांपुढं घाट्याला पडलेलं भोक येई.

एका बाजाराच्या दिवशी काकी तासगावला गेली. मी अळी मारायच्या पावडरीचा डबा आणला, फडक्यात तिची पुरचुंडी बांधली आणि पिकावर झटकत सुटलो. दिवस मावळेपर्यंत अळ्या खाली पडल्या. मधमाश्याही पडल्या, पण तिकडं मी बघितलं नाही. काकीलाही सांगितलं नाही. चार दिवसांनी स्वच्छ रान दाखवून तिला गप्प करायचा बेत होता.

आता आंबेचं सांगायला हवं. थंडीत हरभऱ्यावर दव पडतं आणि पानांचा आंबटपणा त्यात उतरतो. काकी संध्याकाळी पिकावर पांढरं धोतर अंथरायची, उजाडताना ते पिळून बाटली भरायची. पोटदुखीला अर्धं गाव तिची आंब नेई. ती नेहमी खालच्या रानातली. पावडर मारल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर काकी माझ्या तुकड्यातून ओलं धोतर घेऊन येतेय.

"तुझा हरभरा दाट हाय," ती कौतुकानं म्हणाली. "लय आंब निघाली. पिंजारी चाचाचं पोट दुखतंय, त्यांस्नी बाटली दिली. यष्टीला गेल्यात ते."

मी पळत सुटलो. एक वहाण ओढ्यात गेली.

गाद्या पिंजणारे चाचा फाट्यावर उभे होते, खांद्याला पिंजण, हातात बाटली, बूच काढलेलं. मी बाटली धरली. त्यांनीही सोडली नाही. दोघांची ओढाओढ बघून यष्टीची वाट बघणारी मंडळी भोवती जमली.

"चाचा, पिऊ नका. मी त्यात इख घातलंय."

चाचांनी बाटली सोडली. मग अगदी हळू म्हणाले, "मी तुझं काय वाकडं केलंय रं?"

खुलासा होईपर्यंत यष्टी आली आणि गेली. चाचा तसेच पोट धरून माझ्याबरोबर मागं आले. काकीनं सगळं ऐकून घेतलं, त्यांना गेल्या साली भरलेली खालच्या रानातली आंब दिली, मग माझ्याकडं वळली. वरच्या तुकड्यातला हिरवा डहाळा दोन दिवसांत चार घरांनी नेला होता. ती घरं तिनं बोटांवर मोजली.

"आता तूच जा आन् सांग."

तीन घरांनी डहाळा उकिरड्यावर टाकला आणि मला शिव्या दिल्या. चौथ्या घरच्या म्हातारीनं आदल्या दिवशीच सोलून खाल्ला होता. लय गोड होता म्हणाली. त्यानंतर दोन दिवस मी कारण नसताना तिच्या दारावरून जात होतो. दर खेपेला ती उंबऱ्यात बसलेली असे. शेवटी तीच ओरडली, "मेले न्हाई अजून. जा, रानाकडं बघ."

रानात बघितलं तर अळी परत आली होती. मधमाश्या आल्या नव्हत्या.

मी काकीपुढं जाऊन पुढच्या सालासाठी धण्याचं आणि जवसाचं बी मागितलं. ती तांदूळ निवडत होती.

"देते," ती म्हणाली. "आधी त्यो डबा पुरून ये."

डब्यात निम्मी पावडर शिल्लक होती. तो आणि कुदळ घेऊन मी निघालो. विहिरीजवळ नको. ओढ्याकाठी नको, गुरं पाणी पितात. खालच्या बांधालगत नको, हिवराची मुळं. खालच्या रानात तर नाहीच, आणि वरच्यात आता धणे पेरायचे. दुपार कलली तरी डबा बगलेतच होता आणि मी रानाला फेऱ्या घालत होतो.