चंपाचे यजमान

"नाच बघायला तिकीट लागतं, मग माझं घर बघायला फुकट कशाला?" असं चंपा एकदा म्हणाली होती. परवाना कचेरीतल्या प्राणेश कारकुनाला म्हणाली, आणि हसत म्हणाली. हसताना टेबलाची कड मात्र तिने घट्ट धरली होती.

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत तिला सगळे शिवणारी चंपक्का म्हणून ओळखत. जयसिंगरावांच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची आई भागुबाई भाड्याने राहत. परसात पेरूचं झाड, झाडाखाली मशीन. सकाळचं ऊन पानांतून गळून कापडावर पडे आणि चंपा त्या ठिपक्यांवरून सुई पळवी, जणू ऊनच टाचून ठेवायचं आहे. बाप पलटणीचे कपडे शिवता शिवता अंधाऱ्या खोलीत डोळे घालवून गेला होता. उजेडाची जागा म्हणजे काय, हे त्या घराला चांगलं ठाऊक होतं.

कँटोन्मेंटमधल्या एका हॉटेलात नाचणाऱ्या बायकांचे कपडे ती शिवायची. माप द्यायला कुणी वेळेवर येत नसे, म्हणून ती स्वतःच्याच अंगाच्या मापाने बेतायची. एका संध्याकाळी नाचणारी बाई न सांगता मद्रासला निघून गेली. बँड तयार, दिवे तयार, टिकल्यांचा झगा तयार, आणि तो झगा सबंध हॉटेलात एकीलाच बसत होता. "वाया जाईल म्हणून घातला," चंपा सांगायची. घातला तो घातलाच. तिथे ती मिस लोला झाली; चामराजपेटेत याचा पत्ता कुणालाच नव्हता.

दारू पिणाऱ्या पुरुषांपुढे, तोकड्या कपड्यांत नाचायचं काम. त्याला सरकारी परवाना लागे. चंपाला नाच मनापासून आवडायचा, हे लिहून ठेवायला हवं. अशा बाईच्या गोष्टीत लोक आधी रडू शोधतात. ती म्हणे, "बँड वाजला की पाय माझे राहत नाहीत. बाकी सगळं माझंच राहतं." भागुबाई लेकीच्या टाचांना एरंडेल चोळताना विचारी, "टाळ्या पडल्या का गं?"

"पडल्या."

"मग आता गप झोप."

परवान्याच्या वेळी प्राणेशने तिला आपल्या धारवाडी मराठीत विचारलं होतं, "पेटे कुठली, अक्का?"

"चामराजपेट."

"यजमान कोण?"

"जयसिंगराव."

"सरी, बरं. आता नाव सांगा." त्याच क्रमाने त्याने लिहून घेतलं.

"हे पुस्तक कोण बघणार?"

"सार्वजनिक पुस्तक, अक्का. अर्ज करेल तो बघेल." तेव्हाच ती तिकिटाचं बोलली. प्राणेशलाही ते पटलं असावं, पण नियम त्याच्या हातात नव्हता.

एकसष्ट साली तसा अर्ज आला. करणारे खुद्द जयसिंगराव. ते मराठी मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता; फक्त प्रत्येकाच्या दारावर पाटी लागली की जग सुधारेल, अशी त्यांची समजूत होती. परसात येऊन, झाडाचा पेरू खात त्यांनी भागुबाईला बेत सांगितला. "हॉटेलात नाचणाऱ्या एकेकीचं नाव-पत्ता आमच्या पत्रकात छापतो. अशा बायकांना कुणी जागाच देऊ नये. काय, खरं की नाही?"

"पेरू कच्चा आहे, अण्णा," भागुबाई म्हणाली. "पोट दुखंल."

मशीन थांबलं होतं.

मंडळाने पुस्तक वाचून घ्यायचं ठरवलं होतं, त्या सकाळी चंपा कचेरीत गेली. जाऊन काय करणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं. परसातला उजेड जाणारच असेल तर तो कुणाच्या तोंडून जातो, ते तिला बघायचं होतं. आईचं सुती लुगडं नेसून ती भिंतीशी उभी राहिली. जयसिंगराव मंडळाची माणसं घेऊन आले. तिला पाहून त्यांना भरूनच आलं.

"चंपक्का! तूही आलीस? बघा रे, याला म्हणतात संस्कार!"

मंडळाचे रघुजी दौत-टाक घेऊन बसले. प्राणेशने पुस्तक उघडलं.

"कुठून वाचू?"

"चामराजपेटेपासून," जयसिंगराव म्हणाले. "आधी आपलं घर झाडायचं."

प्राणेशने पान उलटलं, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि घसा साफ केला. "पेटे, चामराजपेट. बाईचे यजमान..." तो अडला.

"वाचा की हो! भिता कुणाला?"

"यजमान, जयसिंगराव."

रघुजींचा टाक थांबला. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "अण्णा, वहिनी नाचतात?"

मागे कुणीतरी फसकन हसलं.

"अहो, यजमान म्हणजे नवरा कुठला! इथल्या बोलीत यजमान म्हणजे घरमालक! म्हणजे मी फक्त..." जयसिंगराव बोलता बोलता थबकले. घर त्यांचंच, आणि मागच्या खोल्यांत बिऱ्हाड एकच. त्यांची मान हळूहळू भिंतीकडे वळली. चंपा त्यांच्याकडेच पाहत होती. यजमान या शब्दाने कचेरीत काय केलं होतं, ते तिलाही आत्ताच कळत होतं. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण नजर हलली नाही.

"आता नाव वाचतो," प्राणेश म्हणाला.

"नको!"

"सार्वजनिक पुस्तक आहे, स्वामी."

"मिटा ते! लोकांची घरं म्हणजे काय धर्मशाळा आहे, कुणीही डोकावावं? अर्ज मागे घेतला मी. आधी लिहून घ्या ते."

"पण तुमच्याकडे राहतं तरी कोण?" रघुजींना आता मजा येत होती.

जयसिंगरावांनी रुमालाने मानेचा घाम पुसला. "शिवणकाम करणाऱ्या मायलेकी राहतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पुढेही राहतील. कुणाला काही अडचण?"

कुणालाच नव्हती. पंखा कुरकुरत होता. रघुजी कोऱ्या कागदावर टाक पुसत होते आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते. प्राणेशने पुस्तक मिटून त्यावर कोपर ठेवलं.

चंपाने डोक्यावरचा पदर सारखा केला. जयसिंगरावांसमोरून जाताना ती क्षणभर थांबली, तसे ते घाईने बाजूला झाले. मग ती दारातून बाहेर उन्हात गेली.