क्लोविसचं टेबल

आमच्या क्लोविसला जन्मात कुणी भित्रा म्हटलं नाही. लाटा खवळलेल्या असल्या तरी तो बोट काढायचा, आणि पाण्यात शार्क दिसला तर पाहुण्यांना सांगायचा, "घाबरू नका हो, त्याची न्याहारी झालीय." पण एका मुलीनं साधा प्रश्न विचारला, तेव्हा हा माणूस माझ्यादेखत खोटं बोलला. मी समोरच बसले होते. तुरीच्या शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

क्लोविस माझा नवरा. टोबॅगोच्या या खाडीवर त्यानं आयुष्यभर काचेच्या तळाची बोट चालवली. पाहुण्यांना पोवळ्यांच्या खडकावर न्यायचं, काचेतून मासे दाखवायचे, ज्यांना पोहता येतं त्यांच्या डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी देऊन पाण्यात सोडायचं. डोळ्यांवरच्या काचेला आतून थुंकी फासली की ती धुरकट होत नाही. हे तो बायकांना इतक्या अदबीनं सांगायचा, की लंडनच्या मोठ्या घरातल्या बायकासुद्धा त्याच्यासमोर लाजत लाजत थुंकायच्या.

सुरुवातीला फार थोडे लोक पाण्यात उतरत. ओहोटीला खडकावर गुडघाभर पाणी असतं, त्यात उतरण्याचा मोह सगळ्यांनाच व्हायचा, पण पोवळं पाय कापतं. एकदा कॅनडाच्या एका बाईची टाच चांगलीच फाटली. सगळ्या बोटीत रक्त, आणि परतताना सगळ्यांची तोंडं आंबलेली. क्लोविस घरी येऊन म्हणाला, "उद्यापासून कुणाला उतरू देत नाही."

मी म्हटलं, "उतरू दे की. पायात काहीतरी घाल त्यांच्या."

डोकं माझं. मीच स्कारबरोच्या बाजारात जाऊन पांढऱ्या प्लास्टिकच्या बुटांचे बारा जोड आणले. वर्षभरात किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीत तसे बूट आले, आणि बहुतेक माझ्याकडूनच गेले. बदामाच्या झाडाखाली टोपल्या मांडून मी बसायची. माणूस वाळूतून चालत आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचीच नाही, पायाकडे बघायची. तो जवळ येईतो त्याच्या मापाचा जोड माझ्या हातात असायचा. लोक हसायचे, मला भारी वाटायचं. तीन इयत्ता शिकलेल्या बाईला कुणी हुशार म्हणावं असे प्रसंग थोडे.

मग क्लोविसला ती जागा सापडली. दोन मोठ्या पलंगांएवढं रुंद, सपाट पोवळं, आणि भोवती सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांचं रान. ओहोटीला त्यावर घोट्याएवढंच पाणी. नव्यानं लग्न झालेली जोडपी तो तिथे उभी करायचा आणि फोटो काढायचा. फोटोत ती दोघं भर समुद्रात पाण्यावर उभी असल्यासारखी दिसायची. सगळी खाडी त्या जागेला 'क्लोविसचं टेबल' म्हणायला लागली. कुणाकुणाच्या बैठकीच्या खोलीत अजून ते फोटो लटकत असतील, देव जाणे.

लोक टेबलावर उतरायला लागले की क्लोविस मोठ्यानं गायला लागायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय मजेदार माणूस आहे. मलाही वाटायचं. पुष्कळ वर्षांनी एकदा जेवताना मी म्हटलं, "हल्ली तू गात नाहीस." तर म्हणाला, "गाणं कुठलं, आयोनी. पायाखाली कुरकुर वाजायचं, ते ऐकू येऊ नये म्हणून ओरडायचो." एवढं बोलून त्यानं ताट सरकवलं. मी ते उचलून धुवायला नेलं.

आधी फांद्यांची टोकं गेली, मग फांद्या, मग टेबलाच्या कडा. सरकारनं खडकावर उभं राहायला बंदी केली, तोवर उभं राहण्यासारखं फारसं काही उरलंही नव्हतं. त्यानंतर हॉटेलांचं सांडपाणी आलं, पाणी तापायला लागलं. एका उन्हाळ्यात तर समुद्र कोमट चहासारखा झाला आणि उरलेला खडक पांढराफटक पडला. पाहुण्यांनी विचारलं की क्लोविस सांगायचा, "सांडपाण्यानं मारलं, उन्हानं मारलं." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त बुटांचं नाव तो काढायचा नाही. मीही नाही. दुसऱ्या बोटींचा म्होरक्या डेन्झिल, तोही नाही. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण सगळा किनारा पाळत होता.

आणि मग केझायानं तो प्रश्न विचारला.

केझाया आमच्या शेजारची पोर. परदेशात समुद्राचं शिक्षण घेऊन परत आली आणि इथे पोवळी लावायला लागली. बोटाएवढे जिवंत तुकडे पाण्याखाली दोरीला टांगून वाढवायचे, मग खडकावर सिमेंटनं बसवायचे. त्या दिवशी आमच्या पायरीवर येऊन बसली. माझ्या पुढ्यातल्या चार शेंगा सोलल्यासारखं केलं आणि म्हणाली, "अंकल क्लोविस, तुमच्या वेळी सांबरशिंगं सगळ्यात दाट कुठे होती? जिथे आधी माजली होती तिथे परत धरतील, असा माझा अंदाज आहे."

क्लोविसनं समुद्राकडे पाहिलं. म्हणाला, "उत्तरेला. चर्चचा क्रॉस पाण्याच्या टाकीवर आला की थांब. तिथे."

आमच्याकडे समुद्रातली जागा अशीच सांगतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जागा आली. आणि टेबलाची रेषा क्रॉस आणि शाळेचं दार, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. इतकी वर्षं बदामाखाली बसून मी त्या बोटी थांबताना पाहिल्या होत्या.

ती गेल्यावर मी म्हटलं, "क्लोविस, टाकीच्या रेषेत तर वाळू आहे."

"वाळूखाली खडक आहे."

"क्लोविस."

"शेंगा सोल, आयोनी."

तो खोटं का बोलला ते मला कळलं होतं. उन्हानं मेलेलं पोवळं मेल्यावरही उभं राहतं, फांद्या तशाच असतात. टेबलावर तसं नव्हतं. तिथे पाट्यावर रगडल्यासारखा चुरा होता. शिकलेली मुलगी, एकदा तोंड पाण्यात घातलं की तिनं ओळखलं असतं. मी तिच्या मागे धावत जाऊन खरं सांगू शकले असते. तिचं घर आमच्या कुंपणापलीकडेच आहे.

केझायानं एकशेवीस तुकडे तिथे लावले. आठ दिवस रोज सकाळी पाण्यात. डिसेंबरात उत्तरेकडून मोठ्या लाटा आल्या, वाळू हलली, आणि जानेवारीत ती मोजायला गेली तेव्हा नऊ उरले होते.

त्याच दुपारी ती आमच्याकडे आली. केसांत अजून मीठ होतं. "माझाच हात कच्चा, टँटी," मला म्हणाली. आमच्याकडे मावशीला टँटी म्हणतात. "सिमेंट नीट बसवलं नसणार मी."

क्लोविसनं तिच्या पुढ्यात बेक म्हणतात ती तळलेली जाड पोळी आणि खारवलेला मासा ठेवला. तिनं संपवलं, त्यानं आणखी वाढलं. तिनं नको म्हटलं तरी वाढलं. मला त्या ताटाकडे बघवेना.

"आता ऐंशीच तुकडे आहेत," ती म्हणाली. "हेही गेले तर काम बंद, असं वरून सांगितलंय. अंकल, तिथेच परत लावू का? भोकं जरा खोल पाडून?"

क्लोविस उठून बाहेर गेला. सकाळीच धुतलेली बोट परत धुवायला लागला. केझाया माझ्याकडे बघत होती, मी मिठाच्या बरणीकडे. थोड्या वेळानं तो दारात आला आणि म्हणाला, "तुझी काच आणि नळी घे. चल."

"आत्ता?"

"आत्ता. उद्यापर्यंत माझी हिंमत राहायची नाही."

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी जाऊन बोटीत बसले. क्रॉस सरकत सरकत शाळेच्या दारावर आला आणि क्लोविसनं इंजिन बंद केलं. शहात्तर वर्षांचा माणूस, काचेवर थुंकला, नळी तोंडात धरली आणि तिच्या मागोमाग पाण्यात उतरला. मी बोटीच्या काचेतून खाली बघत होते. चुऱ्यावर केझायाचा हात फिरत होता, डॉक्टर पोट तपासतो तसा. फार वेळ फिरत होता.

वर आल्यावर तिनं नळी काढली. "हे उन्हानं मेलेलं नाही."

"नाही."

"मग?"

"पायांनी," क्लोविस म्हणाला. बोटीची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. "बूट घालून लोकांना उभं करायचो इथे. वीस वर्षं."

"कुणी?"

"मी."

एवढंच म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी दोन हातांवर होते. तोंड होतं मला, ते मिटून बसले.

केझाया म्हणाली, "आणि मी वाळूत तुकडे लावत होते, तेव्हा तुम्ही किनाऱ्यावरून हात हलवत होता."

"हो. केझाया, मला माफ..."

"माफीचं मी काय करू, अंकल? ती खडकाला चिकटत नाही." तिनं काच परत डोळ्यांवर ओढली आणि खाली गेली. जागा मोजायला लागली.

गोष्ट गावात पसरायला एक दिवस लागला. डेन्झिलचं डोकं फिरलं. बोटवाले किती वर्षं सांडपाण्यावरून हॉटेलवाल्यांशी भांडत होते, आणि आता यांचाच माणूस सांगत सुटला, की आमचे पायही त्यात होते. रमच्या दुकानात क्लोविस डॉमिनो खेळायला गेला तर कुणी खुर्ची सरकवली नाही. "आला बघा खडकफोड्या," डेन्झिल म्हणाला. "सांभाळा रे, टेबलावर उभा राहील."

सगळे हसले. क्लोविस घरी आला आणि त्यानंतर गेलाच नाही. रोज संध्याकाळी पायरीवर बसून डॉमिनोच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज ऐकायचा. दुकान लांब नाही. आवाज अगदी स्वच्छ येतो. मला वाटलं, तो एकदा तरी म्हणेल, बूट तुझे होते. तो म्हणायचा, "आज भाजीत मीठ बरोबर पडलंय."

अकराव्या दिवशी मी चर्चची टोपी घातली आणि दुकानात गेले. रमबरोबर तिथे किराण्यापासून सिमेंटपर्यंत सगळं मिळतं, पण बायका उभ्याउभ्या सामान घेतात, टेबलाशी जात नाहीत. मी टेबलाशी गेले.

"बूट माझे होते," मी म्हटलं. "सुचलंही मला. क्लोविस तर लोकांना उतरवणं बंद करणार होता."

डेन्झिल माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू फुटलं. "आयोनी, अगं, तीस जोड मी स्वतः घेतलेत तुझ्याकडून. तू मलाच सांगायला आलीस?"

इतक्या वर्षांचं पोटातलं बाहेर काढलं, तर ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. मला रागही आला आणि लाजही वाटली. म्हटलं, "ठाऊक होतं, मग त्याला एकट्याला खडकफोड्या कशाला म्हणता?"

"तोंड त्यानं उघडलं म्हणून," डेन्झिल म्हणाला. आता तो हसत नव्हता.

केझाया गल्ल्यापाशी सिमेंटची पिशवी घ्यायला उभी होती. कुणाचं लक्ष नव्हतं. ती पुढे आली. "तीस जोड? अंकल डेन्झिल, तुम्ही लोकांना कुठे उभं करायचात?"

"पोरी, ते जुनं झालं..."

"कुठे? क्लोविस अंकलच्या जागेत चाळीसच तुकडे बसतायत. मला आणखी जागा हव्यात." तिनं डॉमिनोच्या सोंगट्या बाजूला सारल्या. डाव लिहायचा खडू टेबलावर ठेवला. "नकाशा काढा."

"आम्ही काढून दिलं की हॉटेलवाले आमच्याच तोंडावर मारतील ते."

"हॉटेलचं गटारही काढा. जिथे आहे तिथे काढा."

डेन्झिलनं खडूला हात लावला नाही. बाकीचे आपापल्या ग्लासात बघत होते. मग केझाया माझ्याकडे वळली. "टँटी, बदामाखालून तुम्हाला सगळ्या बोटी दिसायच्या ना?"

मी खडू घेतला. आधी किनारा काढला, वाकडातिकडा. मग चर्च, शाळा, टाकी. टेबलाची खूण केली. मग डेन्झिल थांबायचा ती जागा. मग त्याच्या भावाची. हात चालतच राहिला. मला वाटलं होतं चारपाच असतील. प्रत्येक जागेबरोबर मला पाय आठवत होते, रुंद, गोरे, नखं रंगवलेले, माझ्या हातचे बूट घालून निघालेले.

नवव्या खुणेला डेन्झिल म्हणाला, "पुरे की गं आता."

"पुरे नाही," केझाया म्हणाली.

मी पुढची खूण करत होते तेवढ्यात टेबलावर सावली पडली. क्लोविस होता. मला शोधत आला असणार, जेवणाची वेळ टळून गेली होती. तो वाकून बराच वेळ त्या खडूच्या समुद्राकडे बघत राहिला. डेन्झिलनं पायानं एक रिकामी खुर्ची त्याच्याकडे ढकलली, पण तो बसला नाही.

"सातवी जरा डावीकडे घे," तो म्हणाला. "तिथे मीसुद्धा थांबायचो."

मी अंगठ्यानं सातवी खूण पुसली आणि डावीकडे घेतली.