जहाज बंदराला लागेपर्यंत

"गोटा उचल, अन् तुह्या मायच्या बांगड्या फोड," मालकीण मला म्हणाली.

मी तिसरीत होते. मारेगावजवळच्या तिच्या वावरात कापसाचा पहिला वेचा होता. वेच्याआधी सीतादही करतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोटे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, मग बाया वेचायला लागतात. आई त्या बायांत बसली होती. हातात हिरव्या बांगड्या. विधवा सीतादहीला बसली की कापूस रुसतो, असं मालकिणीचं म्हणणं. आणि आईचा नवरा मेला हे साऱ्या गावाला माहीत होतं.

माझा आजा इथून मुंबईच्या गोदीत हमालीला गेला. बाप तिथंच वाढला आणि जहाजावर खलाशी झाला. आमची खोली गोदीच्या भिंतीला लागून. जहाज धक्क्याला लागलं की बाप दोरीला बांधलेल्या फळीवर बसून त्याचा गंज खरडायचा, रंग मारायचा. खालून तो एवढासा दिसायचा. मला वाटायचं, हे सगळं जहाज माझ्याच बापाचं. घरी यायचा तेव्हा नखांत, कानांत लाल रंग. आई रॉकेलचा बोळा घेऊन पुसायची आणि शिव्या द्यायची. त्या शिव्या मला अजून ऐकाव्या वाटतात.

एका फेरीवरून तो आलाच नाही. वादळात डेकवरून गेला, असं सोबतच्यांनी येऊन सांगितलं. प्रेत नाही, राख नाही. आमच्या चाळीतल्या खलाशांच्या बायकांची एक रीत होती. नवरा ज्या जहाजावर गेला, ते आपल्या बंदराला लागेपर्यंत बांगड्या वाढवायच्या नाहीत. ते आलं की धक्क्यावर जायचं, त्याच्याकडे बघून रडायचं, आणि तिथंच बांगड्या वाढवायच्या. आई वाट बघत राहिली. पण ते जहाज मालकानं परस्पर दुसऱ्या देशात विकलं. मग खोली सुटली. मला घेऊन ती माहेरी आली, बांगड्यांसकट.

धुऱ्यावर आईनं हे सगळं सांगितलं. मालकीण हसली.

"तुमच्या लोकाइले जहाजावर कोन घेते वं? पळून गेला असन कुठंतरी."

आमच्याच वस्तीच्या बाया बाजूला बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. ते मला मालकिणीच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी नाही फोडत," मी म्हटलं आणि गोटा लांब फेकून दिला. मालकीण म्हणाली, मग उद्यापासून दोघी वावरात दिसू नका. मला वाटलं, आता आई उठेल, माझा हात धरेल, आम्ही जाऊ. आई उठली नाही. घरात दाणा नव्हता. तिनं दोन्ही मनगटं एकमेकांवर आपटली. काचा दह्यात पडल्या.

मग ती दिवसभर वेचत राहिली. कापसाला रक्ताचा डाग लागू नये म्हणून मधूनमधून मनगट तोंडात धरायची. त्या दिवशी माझा बाप मेला. समुद्रात नाही, इथं.

आई जाऊन आता बरेच दिवस झाले. वेचणाऱ्या बायांची टोळी मी चालवते. हल्ली बाया मिळत नाहीत. मालक लोक ऑटो पाठवतात, दारात येऊन बसतात, ताई ताई करतात. यंदा त्या मालकिणीचा मुलगा आला. आभाळ भरून आलं होतं, त्याच्या वावरात बोंडं फुटून लोंबत होती. मजुरी म्हणाल ती देतो म्हणाला. जाता जाता हळूच बोलला, "ताई, फक्त सीतादहीले विधवा बाया नका बसवू. मायले चालत नाही."

माझ्या टोळीत अर्ध्या बाया विधवा आहेत. त्या आतून ऐकत होत्या.

"मंग भिजू द्या कापूस," मी म्हटलं. "आमची एकबी बाई तुमच्या वावरात पाय ठेवनार नाही."

तो पुन्हा आला. मायनं माफी मागितली तर येता का, म्हणाला. मी नाही म्हटलं. माफी ज्या बाईची मागायची होती ती उरली नाही.

पाऊस आला. त्याचा कापूस झाडावरच काळा पडला. मला आनंद झाला नाही. पुढच्या वर्षीही मी जाणार नाही.