डावीकडचा तिसरा बाक

मी पाळकाची बायको. आता पाळक राहिले नाहीत, पण बायकोपण काही सुटत नाही. नगरला उभा जन्म मी चर्चच्या मंडळीत पाळकबाई म्हणून मिरवले. नव्या सुनेनं उपासनेला कोणतं पातळ नेसावं इथपासून नाताळच्या करंज्यांत खोबरं किती घालावं इथपर्यंत सगळं माझ्या विचारानं चालायचं. निदान माझी तशी समजूत होती. हे गेले, मुलानं मला कॅनडात हॅलिफॅक्सला आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथं माझ्या विचारानं डिशवॉशरसुद्धा चालत नाही. मी ताटं लावली की सून मागून येऊन मुकाट्यानं ती सगळी काढायची आणि पुन्हा लावायची.

म्हणून मला रविवारची घाई. मुलाच्या फ्लॅटपासून चालत जाण्यासारखं एकच चर्च होतं, चढावरचं, ल्यूथरन. ल्यूथरन म्हणजे नेमकं काय, हे पाळकाची बायको असून मला धड सांगता आलं नसतं. एवढंच ठाऊक होतं की यांच्या मूळपुरुषानं चर्चच्या दारावर कागद ठोकून थेट पोपला सुनावलं होतं. म्हटलं, वा, सडेतोड माणसं दिसतायत, आपलं जमेल.

नगरला आमच्याकडे बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. तिथं पहिला बाक पाळकबाईचा, त्यावर दुसरं कोणी बसायची टाप नव्हती. इथं आत शिरले तर सगळी मंडळी मागच्या बाकांवर दाटीनं बसलेली, जणू पुढे बसलं की कुणी पाढे विचारणार आहे. डावीकडे दोन म्हाताऱ्या दिसल्या. झालं, बायकांची बाजू सापडली. पहिल्या दोन बाकांवर गायकांच्या वह्या ठेवलेल्या होत्या, म्हणून मी डावीकडचा तिसरा बाक धरला, खिडकीशी. तिथं एक निळी उशीसुद्धा होती. मला वाटलं, वयस्कर माणसांची काय सोय ठेवलीय! बसले ऐसपैस.

त्यानंतर दर रविवारी मी त्याच जागी. माझ्या बाकावर दुसरं कोणी म्हणून बसायचं नाही. येणारी माणसं जवळ यायची, थबकायची, गोड हसायची आणि मागे जायची. मी मुलाला फुशारकीनं सांगितलं, "न सांगता मान ओळखतात हो ही माणसं." उशी थोडी कळकट वाटली म्हणून एकदा पिशवीत घालून घरी आणली आणि अभ्रा मशीनमध्ये धुऊन, इस्त्री करून परत नेऊन ठेवला. पाळकबाईला कुठं सांगावं लागतं, हे काम करा म्हणून?

इथल्या पाळक म्हणजे एक तरुण बाई, कातरलेल्या केसांची, आणि पाळकबाईचं काम करणारा तिचा नवरा तळघरातल्या हॉलमध्ये मफिन वाटायचा. मी त्याच्याकडे बघतच राहिले. मनात आलं, बाबा रे, तुझं दुःख मलाच कळेल. पण तो मजेत होता.

महिना-दीड महिना झाला तसं पाळकांनी मला आउटरीच कमिटीवर यायला सांगितलं. आउटरीच म्हणजे बाहेरच्यांना मंडळीत आणायचं काम. मी मनात म्हटलं, आता कशी बोललीस! नगरला आम्ही ढोलकी-टाळ घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचो, एकेका घरी तीन-तीन कप चहा प्यायचो. इथल्या कमिटीत कॉफीच्या मोठ्या भांड्याची जबाबदारी असलेली एक उंच बाई प्रमुख होती. पहिली सगळी मीटिंग बाहेरच्या हिरवळीवरच्या पाटीवर काय लिहावं यातच गेली. "सर्वांचं स्वागत" असं लिहिलं तर कुणाला दबाव तर वाटणार नाही ना, यावर चर्चा चालली होती.

माझा पारा चढला. मी विचारलं, "नवीन राहू द्या. जुन्यांपैकी कोण यायचं थांबलंय?"

सगळे कपात बघायला लागले. मग त्या उंच बाईनं सांगितलं. एक गृहस्थ होते, जन्मापासून याच मंडळीतले. उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. तेव्हापासून ते येत नाहीत. वसंतात घर विकून मुलीकडे कॅल्गरीला जायचं म्हणतात, इथं आता आपलं काही उरलं नाही म्हणतात.

"मग तुमच्यापैकी कोण भेटायला गेलं?"

"आम्ही त्यांना स्पेस देतोय," ती म्हणाली.

कपाळ माझं! ज्याचं घर रिकामं झालंय त्याला आणखी रिकामं कशाला द्यायचं? आमच्याकडे शोकाच्या घरात माणसांना पाय ठेवायला जागा उरत नाही. मी जाहीर करून टाकलं की त्यांना परत आणायचं काम माझं. उंच बाईनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "किती चांगल्या आहात तुम्ही." तरुण पाळक छताच्या दिव्याकडे बघायला लागल्या. ते सगळं मी कौतुक समजले. मला कौतुक फार लवकर ओळखू येतं.

करंज्या केल्या. मुलगा म्हणाला, आधी फोन कर. शोकाच्या घरी काय फोन करून जायचं? डबा घेतला, फेरीबोटीत बसले, पलीकडच्या काठाला उतरले, आणि धुक्यातून घर शोधत त्यांच्या दारात उभी राहिले. दार उघडणारे गृहस्थ उंच, वाकलेले, स्वेटरचं एक बटण चुकलेलं. मला बघून ते इतके दचकले की मला वाटलं, बिचाऱ्यांकडे खरंच कोणी येत नाही.

आत बसवलं. पिशवी बुडवलेला फिकट चहा दिला. करंजी हातात घेऊन त्यांनी विचारलं, यात ऱ्हुबार्ब आहे का, म्हणजे इथं गोडात घालतात ते आंबट देठ. म्हटलं, खोबरं आहे, खा. त्यांनी खाल्ली. मी दुसरी ठेवली. तीही खाल्ली. घर नीटनेटकं होतं, पण टेबलावर ताटाखालची एकच चटई, एकच चमचा. मला भरून आलं. आमच्या घरीही हे गेल्यावर मी दोन कप चहा टाकायची आणि मग एक बेसिनमध्ये ओतायची. ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी अजून दोघांची कॉफी करतो." मी तिसरी करंजी पुढे केली.

पण मी काही नुसत्या करंज्या वाढायला गेले नव्हते. माझं इंग्रजी बोर्डाच्या परीक्षेचं, आडपडदा त्याला येतच नाही. सरळ विचारलं, "तुम्ही चर्चला का येत नाही?"

"आलो होतो," ते म्हणाले. "एकदा आलो होतो. दारातून परत फिरलो."

"का?"

"आम्ही लग्न झाल्यापासून एकाच जागी बसायचो. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून पुढे. तिच्या जागेवर कोणीतरी बाई बसली होती."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "कोण होतं? काय माणसं आहेत! ज्या बाईचं माणूस गेलंय, आपलं, ज्या माणसाची बायको गेलीय, त्याच्या जागेवर खुशाल जाऊन बसायचं? जनाची नाही तर मनाची तरी असावी! तुम्ही मला नाव सांगा. मी बघते तिच्याकडे. रविवारी उठवतेच तिला तिथून."

ते चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हतीच. "नाव मला माहीत नाही," ते म्हणाले. "नवीन असावी. तिचा दोष नाही."

"नवीन असली म्हणून काय झालं? डोळे नाहीत?"

"जांभळी शाल होती," ते फार हळू म्हणाले, आणि चुकूनसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही.

माझी जांभळी शाल मी बसले होते त्याच खुर्चीच्या पाठीवर टाकलेली होती.

अगं बाई! कुठं तोंड लपवू असं झालं मला. मी उठून डब्याचं झाकण लावायला लागले, ते काही केल्या बसेना. डावीकडचा, खिडकीशी, तिसरा बाक. जवळ येऊन थबकणारी, हसून मागे जाणारी माणसं. आणि मी म्हणे मानाची पाळकबाई! एवढ्यात मला ती निळी उशी आठवली. "उशी?" मी विचारलं.

"तिनं शिवलेली."

"अहो, मी ती धुतली," मी म्हणाले. "इस्त्रीसुद्धा केली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढणार आणि काढावंच. पण त्यांचा चेहरा हलला, आणि ते हसायला लागले, आधी नाकातून, मग खांदे हलवत. "ती दर इस्टरला म्हणायची, यंदा धुवायला हवी," ते म्हणाले. "कधी जमलं नाही तिला." हसता हसता त्यांचे डोळे भरले. मी जागेवर बसले आणि शालीनं माझे पुसले.

मी बजावून सांगितलं, "या रविवारी या. तुमची जागा मोकळी असेल. माझा शब्द." ते बघू म्हणाले. इथं बघू म्हणजे नाही, हे मला एव्हाना कळायला लागलं होतं.

बोटीतून उतरले ती तडक चर्चच्या तळघरात. ती उंच बाई कॉफीचं भांडं घासत होती. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मला कुणी सांगितलं का नाही?" चर्चच्या दारावर कागद ठोकून पोपला सुनावणाऱ्याची ही लेकरं, आणि एका म्हातारीला "बाई, तिथं बसू नका" म्हणायची एकाची छाती झाली नाही!

ती ओशाळली. हात पुसत म्हणाली, "तुम्ही इतक्या आरामात बसला होतात. आणि आम्हाला भीती वाटली, सांगितलं तर तुम्ही पुन्हा येणार नाही."

म्हणजे त्यांनी एका बाजूला त्यांचा जन्माचा माणूस ठेवला होता आणि दुसऱ्या बाजूला मी, दोन महिन्यांपूर्वी आलेली. आणि दोघांपैकी कुणालाच दुखवायचं धैर्य न झाल्यानं दर रविवारी गोड हसत राहिले होते. मी फडकं घेतलं आणि तिच्याबरोबर कप पुसायला लागले.

रविवारी मी लवकर गेले. उशी नीट ठेवली आणि स्वतः अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, जिथं कुणाची अडचण नको. पण ती जागा नेमकी एका जोडप्याची निघाली. ते आले, थबकले, गोड हसले आणि पुढच्या बाकावर बसले. तो बाक ज्यांचा, ते त्याच्या पुढच्यावर. अशी अख्खी मंडळी एकेक बाक पुढे सरकली, आणि एकही माणूस चकार शब्द बोलला नाही. माझ्या एकटीच्या शहाणपणानं त्या दिवशी जे लोक कधी पुढे बसले नव्हते ते पुढे बसले. तरुण पाळक व्यासपीठावरून डोळे विस्फारून बघत होत्या.

पहिलं गीत सुरू व्हायच्या आत ते आले. स्वेटरची बटणं नीट लावलेली होती. कुणी वळून बघितलं नाही, पण सगळ्यांच्या पाठी ताठ झालेल्या मला मागून दिसल्या. ते मधल्या वाटेनं तिसऱ्या बाकापर्यंत गेले. मोकळ्या बाकाकडे आणि उशीकडे बघत उभे राहिले. बसेनात. मी जीव मुठीत धरून बघत होते. माझ्या मनात आलं, मेले, हे मी काय केलं? भरलेली जागा बघून ते दारातून फिरले होते, रिकामी बघून तर कायमचे जातील.

ते फिरलेच. मधल्या वाटेनं मागे येऊ लागले. मला वाटलं, संपलं, चालले कॅल्गरीला. पण दाराकडे न जाता ते माझ्या बाकाशी थांबले.

"तिथं एकट्याला फार लांबलचक वाटतं," ते म्हणाले. "चला."

एवढ्या लोकांसमोर, परक्या पुरुषाबरोबर? नगरला वर्षभर पुरलं असतं बोलायला. मी उठले आणि त्यांच्या मागोमाग गेले. खिडकीशी ते स्वतः बसले, उशी उचलून मांडीवर घेतली आणि मला शेजारी जागा करून दिली.

गीत सुरू झालं. पुस्तक एकच होतं, त्याची एक बाजू त्यांनी माझ्या हातात दिली. चाल मला येत नव्हती, म्हणून मी शब्दांवरून नुसती नजर फिरवत होते, आणि तेव्हा एकाएकी ध्यानात आलं की उपासनेत माझ्या शेजारी कधी कुणी पुरुष बसलाच नव्हता. हे कायम समोर व्यासपीठावर आणि मी बायकांत. दुसऱ्या कुणाचा उपदेश असला तरी हे उजवीकडे, मी डावीकडे. यांच्या शेवटच्या उपासनेलासुद्धा हे पुढे शवपेटीत होते. कुणीतरी म्हणालंही होतं, बाई, पुढे या, यांच्याजवळ बसा. आणि मी, मंडळीला शिस्त लावणारी पाळकबाई, रीत मोडायला नको म्हणून बायकांच्या बाकावर जाऊन बसले होते.

मला रडू फुटलं. तेही आमच्या पद्धतीचं, आवाजासकट. मंडळी समोर बघत गात राहिली, एकानं मान वळवली नाही. इतके दिवस याच स्वभावाच्या नावानं मी बोटं मोडत होते, पण त्या घटकेला त्यांचे फार उपकार वाटले. शेजारचे गृहस्थ खालच्या पट्टीत गात होते. त्यांनी गाणं थांबवलं नाही, फक्त पुस्तक थोडं माझ्याकडे सरकवलं.