लॅबकाकांचा प्रोग्रॅम

लॅबकाका विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. चूक दिसली तरी हात मागे बांधून उभे राहायचे आणि हनुवटीने ओळ दाखवायचे. "तुझं हाय, तूच दुरुस्त कर की." सोलापूरच्या आमच्या कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. शिक्षण दहावी, घरी तेलुगू, घरचा माग बंद पडलेला. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र मुलांच्या पाठीमागे उभं राहून शिकलेले.

मी केम गावची. घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. ओव्हररायडिंग, म्हणजे मूळ प्रोग्रॅमची मेथड, त्याची कामाची रीत, आपल्यापुरती बदलणं, मला पुस्तकातून कळेना. काका म्हणाले, "चादर विणायची रीत बापाकडनं आली. मी काठाची नक्षी बदलली. पण ताणा, उभा धागा, त्यांचाच, न्हायतर चादर व्हायची कशी? तू मेथड बदल, पण बापाच्या मेथडचं काम पायजे असंल तर तिला हाक मार."

लॅबच्या हजेरीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. रोल नंबर टाकला की तो फाइलमध्ये उतरायचा. आमच्या बॅचसाठी त्याचा सबक्लास, म्हणजे त्याचा वारसा घेणारा नवा भाग, त्यांनी मला लिहायला दिला. मी नोंदीची मेथड नव्याने लिहिली. स्क्रीनवर नाव, वेळ आणि हिरव्या अक्षरांत 'हजर'. जुन्या मेथडला हाक मारायची मात्र राहिली, आणि फाइलमध्ये लिहायचं काम तीच करत होती. महिनाभर सगळ्यांना हिरवं 'हजर' दिसत होतं. फाइल कोरी होती.

विभागप्रमुख सर वर्गासमोर काकांवर चिडले. "दहावीवाल्याला हे उद्योग सांगितले कुणी?" काकांनी प्रोग्रॅम उघडला. सबक्लासवर माझं नाव होतं. त्यांनी तो बंद केला.

"माझ्याकडनं राहिलं, सर."

मला परीक्षेला बसू देणार नाहीत, या भीतीने मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवसापासून वहीत सह्या सुरू झाल्या आणि काकांकडे फक्त मशिनी पुसायचं काम उरलं.

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेले. "काका, सरांना खरं काय ते सांगते."

"परीक्षा हुंदे आधी. मग सांग की."

ती परीक्षा झाली. त्यानंतर आणखी दोन झाल्या. यंदा काका निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सर म्हणाले, "माणूस लाखात एक. फक्त प्रोग्रॅमपासून लांब ठेवायचा." सगळे हसले, काकाही हसले. शेजारच्या मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही हसले.