मशीन घेतलं गवतासाठी

चहा सावकाश प्या, मीही सावकाशच सांगणार आहे. खरं तर ही फजिती सांगण्यासारखी नाही. पण तिवारीजींच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. तिवारीजी म्हणजे आमचे शेजारी. मधली भिंत छातीइतकी, आणि त्यांची मान कायम भिंतीच्या अलीकडे.

आमचं घर झाशीत, लक्ष्मी गेटच्या बाहेर. मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्या टोकाला प्राजक्त. रोज सकाळी त्याची फुलं वेचून देवाला वाहायची, हा आमच्या कुसुमचा लग्नापासूनचा नेम. यंदा पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला, गवत गुडघ्याच्या वर गेलं, आणि एके दिवशी त्यात तिला साप दिसला. तेव्हापासून पायरीखाली पाय नाही. फुलं पडायची, तिथेच सुकायची. ही रिकामी परडी घेऊन दारात उभी. तक्रार काही नाही. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

गवत कापायला माणूस बोलावला. साप म्हटल्यावर तो जो गेला तो गेलाच. माझी कंबर विळा घेऊन वाकू देत नाही. म्हणून ठरवलं, पेट्रोलवर चालणारं, ढकलायचं मशीन घ्यायचं. नवं कुठून परवडणार? पेन्शनमधून दोघांची औषधं गेली की हातात चार हजार. तेवढ्यात जुनं मिळालं तर बघायचं.

दतिया गेटजवळ गुलाब मिस्त्री जुनी मशीनं विकतो. त्याच्याकडे एक हिरवं मशीन दिसलं. आता माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण चौतीस वर्षं रेल्वेत डिझेल इंजिनं दुरुस्त केलेली. अक्षर वाचायला मला वेळ लागतो, इंजिन मी ऐकून वाचतो. हा माणूस मला इंजिन दाखवणार?

"बाबूजी, एक बार उलटकर नीचे से भी देख लो," तो म्हणाला.

"नीचे क्या देखना है," मी म्हटलं. "तुम इंजन दिखाओ, बाकी सब छोड़ो."

प्लग काढून पाहिला. कार्बोरेटर उघडायला लावला. पिस्टनची चौकशी केली, पाऊण तास त्याचं डोकं खाल्लं. मग दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू. मी डोळे मिटून ऐकलं. काय तो आवाज, लोण्यासारखा. कुठे ओढ नाही, कुठे जोर लागत नाही. मिस्त्रीने पाच सांगितले, चारला दिलं आणि वर चहा पाजला. तेव्हा तरी शंका यायला हवी होती की नाही? नाही आली.

ई-रिक्षात घालून मशीन घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला दारात खुर्ची दिली आणि म्हटलं, "बस, तासाभरात झाडापर्यंत रस्ता करून देतो."

मशीन गवतात घातलं. गवत खाली वाकलं. मी पुढे गेलो, गवत मागे हळूहळू उठून बसलं.

म्हटलं, मशीन चाकांवर उंच राहत असेल. ते खाली घेतलं. तेच. म्हटलं, वेग कमी पडतोय. वेग वाढवला. अंगणभर धूर झाला, आवाजाने पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, आणि भिंतीवर तिवारीजींची मान आली.

"काए दद्दा, घास काट रए कै सुला रए?"

कापताय की झोपवताय, म्हणे! मी ढकलतच राहिलो. बारा फेऱ्या मारल्या. सदरा पिळून निघाला. तेवढ्यात कुसुम खुर्चीतून म्हणाली, "अहो, हे कापतं कशाने?"

"तुला इंजिनातलं काय कळतंय? तू गप्प बस जरा."

पेट्रोल संपलं तेव्हा, नुसतं तिचं समाधान करावं म्हणून, मी मशीन आडवं केलं.

खाली पातंच नव्हतं. पातं जिथे बसवतात तो बोल्ट तेवढा होता, स्वच्छ पुसलेला. इंजिनाला जोर का लागत नव्हता, ते आता कळलं. लागणार कशाला? कापायला काही होतंच कुठे?

मी तसाच, घामेजल्या सदऱ्यात, मिस्त्रीकडे गेलो. आयुष्यात फारसा आवाज चढवलेला नाही, त्या दिवशी चढवला. "ये क्या बेचा है तुमने? ब्लेड कहाँ है?"

तो शांतपणे म्हणाला, "ब्लेड तो थी ही नहीं, बाबूजी. वही तो नीचे से दिखा रहा था. ब्लेड होती तो चार में देता?"

"तो बताना था न!"

"बताता कब? आपने पौन घंटे में प्लग पूछा, पिस्टन पूछा. घास का नाम एक बार नहीं लिया. मैंने सोचा, गन्ने के रस की मशीन पर लगाएँगे. लोग ले जाते हैं."

मॉडेल इतकं जुनं की त्याचं पातं आता मिळत नाही, हेही त्यानेच सांगितलं. परत चहा पाजला. तो मी प्यायलो, काय करता.

चार हजार गेले, गवत जागच्या जागी, आणि कुसुमला काय तोंड दाखवू, असं म्हणत घरी आलो. पाहतो तर दार उघडं, खुर्ची रिकामी. ही त्या आडव्या झालेल्या गवतातून थेट प्राजक्ताखाली जाऊन फुलं वेचत होती.

"अगं, साप!"

"कसला साप," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचा तो आवाज ऐकून पार दतिया गावाच्या पलीकडे गेला असेल."

मला इतकं बरं वाटलं की मी पायरीवरच बसलो. तिथेच थांबलं असतं तर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला हिने मला हलवून उठवलं. हातात परडी.

"उठा. दोन फेऱ्या मारा, मग मी येते."

तेव्हापासून रोज हेच. मी पुढे मशीन ढकलतो, मागून ती येते, आणि भिंतीवरून तिवारीजी बघतात. चौतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेला माणूस आता घरच्या घरी साप हाकलायच्या नोकरीला लागलाय. पगार नाही, आणि पेट्रोलही माझंच.